फेरातला हात

फ्यून बेट, डेन्मार्क
ता. ९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. प्रमिलावहिनीस रंजनाचा सा. न. वि. वि.

पोहोचले! हा शब्द सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे तू पत्र वाचायला घेतल्याबरोबर मायचा जीव भांड्यात पडेल. बोटीत सुरुवातीला मी नुसती आडवी पडून होते. सुएझ ओलांडल्यावर मात्र अशी भूक लागली की काय सांगू, आणि तू बांधून दिलेल्या दशम्या तर केव्हाच संपलेल्या. इटलीत उतरून पुढे आगगाडी. वाटेत समुद्र आला तशी सबंध आगगाडीच एका मोठ्या बोटीत शिरली, आम्ही आपले पलीकडच्या काठाची वाट बघत, आणि तिकडे पुन्हा रुळावर उतरून गाडी सुरू! गिरधरदादा म्हणेल, रंजी थापा मारते. त्याला सांग, आपल्या प्रकाशा गावाजवळ तापीवर असं होईल तेव्हा होईल, इथे मी डोळ्यांनी पाहिलं.

शाळा खेड्यातच आहे. चहूकडे शेतं, पण या दिवसांत सगळी रिकामी नि ओलीगच्च. गटविकास अधिकाऱ्यांनी माझं नाव पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगसारखंच काहीतरी असेल. तसं अजिबात नाही. हिवाळ्यात शेतीची कामं थांबली की शेतकऱ्यांची मोठी झालेली मुलं-मुली इथे येऊन राहतात आणि शिकतात. आमच्यासारखे परदेशीही आहेत, म्हणून बरंचसं इंग्रजीत चालतं. इतिहास, सहकारी दूधडेऱ्या, विणकाम, कवायत, आणि रोज सकाळी आधी सगळ्यांनी मिळून गाणी. परीक्षा नाही! सर्टिफिकेट नाही! मी हेडमास्तरांना पुन्हा पुन्हा विचारलं, मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय. ते हसत म्हणाले, तू शिकलीस की नाही ते तुझ्या गावाला विचारू. हे आप्पांना हळूच सांग. ते आधीच म्हणत होते की सरकार पोरीला कशाला पाठवतंय कोण जाणे.

माझ्या खोलीत कारेन नावाची मुलगी आहे, इथल्या शेतकऱ्याचीच. मी तुझे ज्वारीचे बिबडे तळून तिला दिले, वर आपल्या नंदुरबारी मिरचीची पूड. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी ताट पुढेच! मला मात्र इथला काळा आंबूस पाव अजून गिळवत नाही. लोणी भरपूर असतं, त्यावर निभावते.

परवा लक्ष्मीपूजन. दिवसा उजेड असा थोडा असतो की दुपारीच दिवेलागण होते. आज दिवे लागले नि मला आपलं अंगण दिसलं. तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली होती ती आठवली. तू म्हसावदहून हिलालचं स्थळ आणलं नसतंस, गणपतीत घाईनं सगाई झाली नसती, तर आप्पांनी मला नंदुरबारच्या फलाटावरही सोडलं नसतं. बोलून दाखवलं नाही तरी मला ते कळत होतं.

इतक्या लांबवर तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रंजना


कळसाडी, ता. शहादे
ता. २७ नोव्हेंबर १९५८

चि. रंजनबेन हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि घरात काम कोणी करेना. तुझ्या दादांनी वाचलं, मग मी वाचलं, मग शेजारच्या धनुबाई आल्या म्हणून पुन्हा वाचलं. आगगाडी बोटीत शिरली तिथे सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, शिरली असेल, पण बाहेर कशी आली ते तिनं नीट लिहिलं नाही. परीक्षा नसल्याचं मी हळूच सांगितलं, तरी ते बराच वेळ मिशी चोळत बसले. शेवटी म्हणाले, म्हणजे नापास तरी होणार नाही.

माय रोज एकच निरोप सांगते, तो तिच्याच शब्दांत लिहिते. पोरीले सांग, तठे भलतं हिव शे, कान बांधीसन ऱ्हाय.

इकडे कापसाची वेचणी जोरात आहे. मी सकाळी भाकरी टाकून शेतात जाते, छबीला झाडाखाली झोळीत टाकते. ती आता झोळीत मावत नाही, पाय बाहेर लोंबतात, पण उतरायला तयार नाही. आत्या कुठे गेली विचारलं तर थेट सातपुड्याकडे बोट दाखवते. डोंगरापलीकडे काहीही असू शकतं असं तिला वाटत असावं, आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटतं.

दिवाळीला हिलाल येऊन गेला. शेतकी खात्यात नोकरी, त्यात तुझा होणारा नवरा, तेव्हा मीही त्याला सोडलं नाही, खूप पिडलं. बिचारा तुझ्या दादांकडून नकाशा मागून घेऊन डेन्मार्क शोधत बसला. सापडलं तेव्हा म्हणाला, एवढंसंच आहे की. मी म्हटलं, मुलगीही एवढीशीच आहे, पण जपून राहा. लाजला. माझा चुलतभाऊ म्हणून म्हणत नाही, मुलगा स्वभावानं गरीब आहे.

दगाकाकांनी आखाजीनंतरची, वैशाखातली तिथी काढायला सांगितलंय. मी पाळण्यात असताना बाबा गेले, तेव्हापासून काकांनीच मला वाढवलं, लग्न करून दिलं. त्यांच्या घरात तू जाणार या विचारानं मी गावात जरा ताठ चालते.

आता माझे प्रश्न. तिथे बाया शेतात जातात का? म्हशी आहेत की नुसत्या गायी? आणि ती कवायत बायासुद्धा करतात? काय नेसून? सगळं सविस्तर लिही. शाळा मी चौथीतच सोडली, त्यामुळे माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हसू नकोस. हसलीस तरी कारेनला सांगू नकोस.

आमची आठवण त्या लोण्याखाली दाबून टाकू नकोस म्हणजे झालं.

तुझी
वहिनी


फ्यून बेट, डेन्मार्क
ता. २९ डिसेंबर १९५८

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

आधी तुझे प्रश्न. म्हशी नाहीत. गायी आहेत, गोठ्यात माझ्या खोलीपेक्षा जास्त ऊब असते. बाया शेतात जातात, यंत्रावरही बसतात. कवायत त्या आखूड कपड्यांत करतात, मी पंजाबी पोशाखात करते. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळे माझ्याकडे बघतायत. मग बघितलं तर जो तो आपापला तोल सांभाळण्यात गुंतलेला.

नाताळला कारेन मला तिच्या घरी घेऊन गेली. वहिनी, ही माणसं घरात झाड आणतात! जंगलातलं हिरवंगार झाड, बैठकीच्या मधोमध, त्यावर खऱ्या पेटत्या मेणबत्त्या! माझा जीव सारखा पडद्यांकडे. मग सगळ्यांनी हात धरून झाडाभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. कारेनचे वडील दिवसभर एक शब्द बोलत नाहीत, पण फेरात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मला शब्द येत नव्हते, मी आपली आखाजीच्या झोक्यावरची गाणी त्या चालीत कोंबली. कोणाला कळलंही नाही!

परवा गावाच्या सभागृहात सगळ्या गावाचा तसाच फेर झाला. मी आपलं अंजिरी लुगडं नेसून गेले होते. तिथे वर्तमानपत्राचा माणूस आला आणि काल माझा फोटो छापून आला! कात्रण सोबत पाठवतेय. एका हाताला कारेनची आजी होती, ती बिचारी फोटोत कापली गेली. दुसऱ्या हाताला कारेनचा भाऊ येन्स. खाली लिहिलंय की भारतातल्या खेड्यातली पाहुणी आमच्याबरोबर नाचते आहे. हे मायला नीट दाखव, आणि सांग, बघ, कान बांधलेले आहेत!

फेब्रुवारीपासून आम्हाला गावोगाव नेणार आहेत. काही ठिकाणी अशा शाळा कोणा शेतकऱ्याच्या घरातच सुरू झाल्या होत्या म्हणे, ओसरीत चार बाकडी टाकून. ते बघायला मी इतकी अधीर झालेय की दिवस ढकलावेसे वाटतात.

सगळ्यांच्या तोंडी माझं नाव राहू दे, वाईट साईट का होईना.

तुझी
रंजना


कळसाडी
ता. १० जानेवारी १९५९

चि. रंजना हीस गिरधरचे अनेक आशीर्वाद.

फोटो पोहोचला. अगं, छापील! तुझं नाव त्यांनी उलटसुलट लिहिलंय पण तोंड तुझंच. मी कात्रणाला मागून पुठ्ठा चिकटवला नि खिशात ठेवलाय. शहाद्याच्या बाजारात दाखवला, जिनिंगवर गाड्या लागल्या होत्या तिथे दाखवला. भिकन हमालानं विचारलं, ही गोरी माणसं हिच्याकडे कामाला आहेत का. मी हो म्हणून टाकलं. म्हसावदचे दोघेचौघे तिथे कापूस घेऊन आले होते, त्यांना तर मी मुद्दाम बोलावून दाखवला, म्हटलं तुमच्या गावची होणारी सून बघून घ्या.

आप्पा कात्रण रोज रात्री परत मागतात, सकाळी मी रोज पुन्हा नेतो. अशीच आमची मान उंच ठेवत जा.

तुझा दादा
गिरधर


कळसाडी
ता. २४ जानेवारी १९५९

चि. रंजनबेन हीस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला बसले तरी हात चालत नाही. तुझ्या दादांनी ते कात्रण म्हसावदच्या लोकांना दाखवलं, आणि ते गावात पोहोचेपर्यंत त्याचं काय काय झालं देव जाणे. फोटो काकांनी बघितलाच नाही, आधी नुसतं ऐकलं. दगा पाटलाची सून परक्या गोऱ्या पोराच्या हातात हात घालून नाचते आणि ते छापूनही येतं. चावडीवर कोणीतरी हसलं. काका तसेच उठून घरी गेले.

संक्रांतीचं वाण घेऊन मी माहेरी गेले तर काकांनी मला बसही म्हटलं नाही. म्हणाले, आमना घरमा नाचनारी सून नही पायजे. मी खूप समजावलं. मग त्यांनी एक अट घातली. तू मिळेल त्या बोटीनं परत यायचं, आणि लग्न आखाजीपर्यंत थांबवायचं नाही, फाल्गुनातच उरकायचं. तसं झालं तर ते सगळं विसरतील. नाहीतर सगाई मोडली.

रंजन, मी रागावले आहे. तुझ्या दादांवर रागावले, त्यांना काही सुधरत नाही, ते दोन दिवस जेवले नाहीत. पण तुझ्यावरही रागावले आहे. हात धरायचाच होता तर दोन्हीकडून आज्याच धरायच्या होत्यास. मी शब्द टाकून हे जमवलं. उद्या मोडलं तर माझ्या माहेराचं दार माझ्या तोंडावर बंद होईल, आणि मला दुसरं माहेर नाही.

तू शहाणी आहेस. परत ये. शाळा काय, उरलेले दोन-अडीच महिने गेले तर काय मोठं बिघडेल? परीक्षाही नाहीच.

आप्पांना विचारलं तर म्हणतात, पोरीचं पत्र येऊ दे.

वहिनीचा राग समजून घे, आणि माया आहे तशीच धर.

तुझी
वहिनी


फ्यून बेट, डेन्मार्क
ता. ४ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बर्फात जाऊन परत वाचलं. शाईवर बर्फ पडून तुझी काही अक्षरं फुटली, पण सगळं कळलं.

येन्स चौदा वर्षांचा आहे. इथली मुलं उंच असतात, म्हणून फोटोत बाप्या दिसतो. हे तू काकांना सांगू शकतेस, आणि ते ऐकून ते कदाचित शांतही होतील. पण माझी विनंती आहे, सांगू नकोस. तो चोवीस वर्षांचा असता तरी मी त्याचा हात धरलाच असता, कारण फेर तसाच धरतात. चौदा वर्षांचा म्हणून सुटले, तर पुढच्या प्रत्येक वेळी मला कोणाचं ना कोणाचं वय सांगत बसावं लागेल.

मी परत येत नाही, वहिनी. रागावून लिहीत नाही. कालच आम्ही एका गावात गेलो होतो. तिथे कारेनची मावशी एका जुन्या घरात बायांना शिकवते, लेकुरवाळ्या, सासवा झालेल्या. एक जण भाषण करायला उठली आणि तिचे पाय लटपटत होते, मला टेबलाखालून दिसत होते. तरी बोलली. बोलून बसली तेव्हा लाल झाली होती आणि सारखी हसत होती. मला पुढच्या महिन्यात तिथेच राहायचं आहे, असा वर्ग आपल्याकडे कसा काढता येईल ते मावशीकडून शिकून घ्यायचं आहे. हे सोडून आले तर मी डेन्मार्कला फक्त फोटो काढायला गेले होते असं होईल.

तुझ्या माहेराचं वाचून मात्र मला अन्न गोड लागलं नाही. ते मी तुझ्याकडून मागू शकत नाही. तू काकांच्या बाजूनं उभी राहिलीस तरी माझ्या मनात किंतु येणार नाही, खरंच. आप्पांनाही हेच वेगळं लिहिलंय. त्यांनी बोलावलं तर मात्र मी येईन, त्यांचा शब्द मोडणार नाही.

रागासकट, पण तुझीच समज.

रंजना


कळसाडी
ता. १७ फेब्रुवारी १९५९

चि. कु. रंजना हीस भाईदास गोविंद पाटील यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. दगा पाटील यांस मी आखाजीनंतरच्या लग्नाचा शब्द दिला होता. तो शब्द मी पाळणार. त्याआधी मुलगी मागे बोलावण्याचा शब्द मी दिला नव्हता, तेव्हा तो पाळण्याचा प्रश्न येत नाही. तसे मी त्यांस समक्ष जाऊन सांगितले. त्यांनी चहा दिला, मी घेतला.

तू तिकडचे काम पुरे करून ये. अर्ध्या पाण्याचा ऊस कोणाच्या कामाचा नसतो. तुझी आई रडते पण तिचेही म्हणणे हेच आहे. प्रमिलाला काही बोलू नको, ती दोन्हीकडून ओढली जात आहे.

आगगाडी बोटीतून बाहेर कशी काढतात ते अजून लिहिले नाहीस. पुढील पत्री लिहिणे. आशीर्वाद आहेतच.

भाईदास


कळसाडी
ता. ३० मार्च १९५९

चि. रंजनबेन हीस अनेक आशीर्वाद.

होळीला मी म्हसावदला गेले होते. तुझे दादा नको म्हणत होते, मीच गेले. वाटलं, सणाचा दिवस आहे, काकांच्या पाया पडेन, रडेन, काहीतरी होईल.

अंगणात भाऊबंद बसलेले होते. काकांनी सगळ्यांसमोर सगाईचं लुगडं नि नारळ आणून माझ्यापुढे ठेवलं. हिलाल दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तशी तो म्हणाला की माझी थांबायची तयारी आहे, पण बापाच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. एवढं बोलायलाही त्याला फार लागलं, मी बघत होते. त्याचा मला राग आला नाही. काकांनी त्याला आत जा म्हटलं आणि तो गेला.

मी पाया पडायला वाकले होते, रंजन. खरंच वाकले होते. तेवढ्यात काका म्हणाले, पोरींना शिकवलं की असंच होतं, तुला चौथीतून काढलं म्हणून तू नीट नांदलीस. मी तशीच सरळ झाले. काय झालं मला कळलं नाही. मी म्हटलं, काका, त्या पोरीचा हात साऱ्या गावादेखत धरलेला आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुम्ही मला शाळेतून काढलंत त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले होते, आणि एकानंही येऊन माझा हात धरला नाही. तुम्ही मला खाऊ घातलंत, लग्न करून दिलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हेही विसरले नाही.

काका म्हणाले, मग आता इथलं पाणी तुला वर्ज्य. मी लुगडं-नारळ पदरात घेतलं आणि चालत नाक्यापर्यंत आले. बैलगाडी मिळेस्तोवर मी तिथल्या मैलाच्या दगडावर बसून राहिले.

सगाई मोडली. माहेरही गेलं. मला वाटलं होतं घरी येऊन मी कोसळेन. पण छबीनं भाकरी मागितली, मी तवा ठेवला, आणि भाकरी थापता थापता मला हसू आलं. इतकी वर्षं हे माझ्या तोंडात होतं आणि मलाच ठाऊक नव्हतं. माय घाबरून बघायला लागली.

पुढचं पत्र आनंदाचंच लिही. काम टाकून येऊ नकोस. आता तर मुळीच नाही! तुझ्यावरची माया तिळभर कमी झालेली नाही.

तुझी
वहिनी


फ्यून बेट, डेन्मार्क
ता. ९ एप्रिल १९५९

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कारेनच्या मावशीला वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजीत सांगत. मैलाच्या दगडापाशी ती उठून खिडकीत जाऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, तू हिला का नाही आणलंस?

मी तेव्हापासून तेच विचारतेय स्वतःला. एका घरात आपण इतकी वर्षं एका चुलीशी बसलो आणि तुला शाळा हवी होती हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. आता मी तुला सोडणार नाही. ऐक. धुळ्याला मोठ्या बायांसाठी एक वर्ग निघालाय, तिथेच राहून सातवीच्या फायनलची तयारी करून घेतात. मागच्या वर्षी गटाच्या ऑफिसात त्याची जाहिरात मीच भिंतीला चिकटवली होती! नावं जूनमध्ये घेतात. मायला मी सांभाळेन, छबीलाही. दादाला तू सांभाळ. त्यानं कात्रण फिरवलंय, तेव्हा तो आता कशालाही नाही म्हणणार नाही.

काल मी सगळ्या शाळेसमोर बोलले. इंग्रजीत! विषय आमचं गाव. तापी, कापूस, आखाजी, झोके, आणि शेवटी माझी वहिनी. पाय लटपटत होते, पण मी मुद्दाम टेबलामागे उभी राहिले नाही. बर्फ वितळलाय आणि शेतांत पांढरी फुलं उगवलीत, आणि आज पहिल्यांदा काळा पाव मी मागून खाल्ला! निघायची वेळ आली तेव्हा तो आवडायला लागला, काय करायचं?

आप्पांना सांग, बोटीचं तोंडच दारासारखं उघडतं, आत रूळ असतात, ते धक्क्यावरच्या रुळांना जोडतात. चित्र काढून आणतेय.

तिथं आल्यावर भांडायचंय तुझ्याशी. तोवर माया जपून ठेव.

तुझी
रंजना


कळसाडी
ता. २३ ऑगस्ट १९५९

ती. सौ. वहिनीस, धुळे मुक्कामी, सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायची पाळी पुन्हा आली, पण आता पाकिटावर धुळे लिहिते आणि मजा वाटते. छबी मजेत आहे. तुझी आठवण आली की माझ्या पाठीवर चढून बसते, मी मग तशीच भांडी घासते. गिरधरदादा भाकरी करायला शिकतोय. नकाशातला एखादा देश होतो, पण खातो आम्ही.

सगळे मला विचारतात, तिकडे काय शिकलीस? मी बर्फाचं सांगते, झाडाचं सांगते, लोकांना तेच आवडतं. पण निंदायला गेले की एकटीच विचार करते, आणि मला आठवतं ते वेगळंच. तिथे हेडमास्तर जेवणानंतर स्वतः कपबशा विसळायचे. आणि कोणतीही गोष्ट शिकवून झाली की थांबून विचारायचे, तुला काय वाटतं? पहिले कितीतरी दिवस मला वाटायचं, माझी परीक्षाच घेतायत, मी बरोबर उत्तर शोधत बसायचे. हिवाळा संपत आला तेव्हा कुठे कळलं की त्यांना खरंच माझं काय म्हणणं आहे ते ऐकायचं होतं. त्या आधी मला ते कोणी विचारलं नव्हतं. आप्पांनी विचारलं, पण तेही मी लांब गेल्यावर.

ओसरीवर मी बायांचा वर्ग सुरू केलाय. फार मोठ्या गप्पा मारायला नकोत, पहिल्या आठवड्यात बाया फक्त माझे बूट बघायला आल्या. कवायत घ्यायला गेले तर धनुबाई हसून हसून जमिनीवरच बसल्या, पुन्हा उठेनात, ती कवायत मी सोडून दिली. पण गाणी चालली! आधी सगळ्याजणींनी आखाजीची गाणी म्हणायची, मग पाटी. आपली मायसुद्धा मागे येऊन बसते आणि म्हणते की मी फक्त गाण्यापुरती आले. काल तिला विचारलं, माय, पोरीचं लग्न किती वयात व्हावं, तुला काय वाटतं? ती एवढी दचकली! म्हणाली, उद्या सांगते. आज सकाळपासून ती काहीतरी पुटपुटतेय. मी वाट बघतेय.

हिलालचं लग्न ज्येष्ठात झालं, तुला कळलंच असेल. गटाच्या ऑफिसात परवा भेटला. दोघंही क्षणभर गोंधळलो. मग त्यानं तिकडच्या सहकारी डेऱ्यांचं विचारलं आणि मी सांगत सुटले. जाताना थोडं टोचलं, नाही असं नाही. पण थोडंच.

तुझा अभ्यास कसा आहे? अपूर्णांक जमले का? मायेत मात्र अपूर्णांक चालणार नाही, पूर्ण पाठव.

तुझी
रंजना


धुळे
ता. १३ सप्टेंबर १९५९

चि. रंजनबेन हीस अनेक आशीर्वाद.

अपूर्णांक जमले! छेद समान करायचे म्हणजे काय हे मला एका सकाळी एकदम कळलं आणि मी वर्गात मोठ्यानं हां म्हणाले. बाई थांबल्या. मला वाटलं आता ओरडतील, तर म्हणाल्या, ये पुढे, आणि बाकीच्यांना सांग. मी फळ्यावर भाकरी काढली, तिचे तुकडे केले. खडू हातात धरायला मिळाला, रंजन. लहानपणी मास्तरांनी खडूला कधी हात लावू दिला नव्हता.

इथे आम्ही सगळ्या लेकुरवाळ्या. सुरुवातीला रोज संध्याकाळी कोणी ना कोणी पोरांच्या आठवणीनं रडायचं, आता पाळीपाळीनं रडतो. साक्रीकडची एक आहे, तिनं काल शब्दांची जात विचारली तर नवऱ्याचं आडनाव सांगितलं. आम्ही अजून हसतोय.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. काल रविवार नव्हता, कोणाला भेटायला येऊ देत नाहीत, तरी शिपाईबाई सांगायला आली की दाराशी कोणीतरी आलंय. मला वाटलं तुझे दादा. जाऊन बघते तर दगाकाका. पागोटं बांधलेले, उन्हातनं आलेले. कामानं धुळ्याला आले होते म्हणाले. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही आणि काढूनही घेतला नाही, मधेच कुठेतरी धरून राहिले.

सगाईचं काही बोलले नाहीत. होळीचंही नाही. मला विचारलं, काय शिकवतात. मी म्हटलं, अपूर्णांक. म्हणाले, दाखव. व्हरांड्यात बाकावर बसून मी त्यांना पाटीवर भाकरीचे तुकडे करून दाखवले. ते इतके लक्ष देऊन बघत होते की माझा हात चुकायला लागला. त्यांनाही शाळा कधी मिळाली नव्हती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात रेक्टरबाई आल्या. त्या कडक आहेत. म्हणाल्या की आज भेटीचा दिवस नाही, हे गृहस्थ कोण तुमचे? काका म्हणू का, आणि म्हटलं तर त्यांना चालेल का, तेच कळेना. काका बाकावरून उठले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, मी हिना बाप शे.

रेक्टरबाईंनी त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. तो ग्लास मीच नेऊन दिला, आणि ते माझ्या हातचं पाणी प्यायले.

तुझी
वहिनी